माज कुणाला येतो?

मंडळी, आत्ताच लग्नाहून आलोय. पुतणीचं लग्न होतं, सात रस्त्याजवळच्या हॉलमध्ये.

अक्षता अर्धा तास उशिरा पडल्या. कारण माळशिरसचे आमचे चुलते, आण्णा. माइकवरून नाव पुकारून फेटा बांधला नाही म्हणून गाडीच्या काचा वर करून बाहेरच बसले. मी जाऊन हात जोडले, माइकवरून नाव पुकारून फेटा बांधायला लावला, तेव्हा उतरले. पाहुणे कौतुकानं म्हणाले, "आण्णांचा रुबाबच हाय तसा!"

मग जेवणं. आमच्याकडं नऊ वर्षं भांडी घासणाऱ्या शोभामावशी नवी साडी नेसून पहिल्या पंगतीला बसल्या होत्या. पत्रिका मीच दिली होती, "यायचंच हं" म्हणून.

बायको कानाशी आली. "वाढायला माणसं कमी हायत. मावशींना उठवा की."

मी सांगितलं. मावशी हळूच म्हणाल्या, "दादा, जेवून उठते की."

"लई माज आलाय तुला!" सगळ्या पंगतीसमोर हे मी म्हणालो.

त्या उठल्या, पदर खोचला आणि आण्णांना बुंदी वाढली. फेटा हलू नये म्हणून आण्णांनी मानसुद्धा वळवली नाही.

मुहूर्त अडवणाऱ्याला मी हात जोडले होते. माज हा शब्द तुम्ही आपल्याहून मोठ्या माणसाला तोंडावर कधी वापरलाय का? खरं सांगा. मी तरी नाही.

उद्या मावशी भांड्याला आल्या नाहीत, तर त्यांना काय म्हणायचं हे मात्र आमच्या घरात आत्ताच ठरलंय.