साहेबांच्या केबिनचं दार

कुंभिवलीजवळ पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात मी मालाची क्वालिटी तपासते. आमचे प्लांटचे साहेब भला माणूस. कामगारावर कधी आवाज चढवला नाही, आणि त्यामुळेच हेड ऑफिसला ते मवाळ वाटत असावेत. त्यांच्यासकट आम्हा सगळ्या सुपरवायझरांना एकदा कर्जतच्या एका रिसॉर्टवर नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. माझं घर दहिवलीला, रिसॉर्टपासून रिक्षाच्या अंतरावर. तरी मुक्काम सक्तीचा होता. एकत्र झोपल्याशिवाय टीम तयार होत नाही म्हणे.

प्रशिक्षक मुंबईहून आले होते. त्यांनी नेत्यांचे चार प्रकार पडद्यावर दाखवले आणि आमच्याकडून एक प्रश्नावली सोडवून घेतली. त्यात मी ‘द्रष्टी नेता’ निघाले. घरी फोन करून सांगितलं, तर नवरा म्हणाला, “मग आज गॅस संपणार हे कसं दिसलं नाही?”

साहेब निघाले ‘सेवक नेता’. ते खरोखर हलले. इतकी वर्षं ज्याला लोक मवाळपणा म्हणत होते, त्याला कुणीतरी चांगलं नाव दिलं होतं.

मी हात वर करून विचारलं, “सर, कामगारांचेही असे प्रकार असतात का?”

“तो वेगळा विषय आहे, पुढच्या वेळी घेऊ,” प्रशिक्षक म्हणाले आणि त्यांनी पुढचं चित्र लावलं. त्यावर लिहिलं होतं, नेत्याचं दार सदैव उघडं असावं.

साहेबांनी ते मनावर घेतलं. परत आल्यावर सुताराला बोलावून त्यांनी केबिनचं दार बिजागऱ्यांसकट काढायला लावलं. “आजपासून कुणीही, कधीही आत या,” त्यांनी सगळ्यांना सांगितलं. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. मोकळ्या चौकटीत उभे राहून त्यांनी काढून घेतलेला फोटो हेड ऑफिसला गेला.

त्यानंतर केबिनमध्ये कुणीच जाईना. पूर्वी बंद दारावर टकटक करून बाया आत जायच्या, रडायच्या, भांडायच्या, आणि बाहेर येताना तोंड पुसून यायच्या. आता आतला शब्द न् शब्द शॉपफ्लोअरवर ऐकू येत होता, आणि चौकटीच्या थेट समोर लाइन इन्चार्जचं टेबल होतं. महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेबांनी समाधानाने सांगितलं की दार काढल्यापासून एकही तक्रार आलेली नाही. हेड ऑफिसने अभिनंदन केलं.

अशात पुठ्ठा कापायच्या मशीनवरची एक बाई मला पाणी प्यायच्या जागी भेटली. तिच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. म्हणाली, “मॅडम, मशीनची जाळी काढून ठेवलीय. इन्चार्ज बोलतात, जाळी असली का काम उरकत नाय. आज नुसतं खरचटलं. उद्या बोटच जायाचं.”

“मग साहेबांना सांग ना. दारसुद्धा नाहीये आता.”

“तेच तर. तिथं गेली का सगळे बघतात. बाहेर आली का इन्चार्ज इचारतील, काय सांगितलंस गं आत?”

रिसॉर्टवर जे मला नीट धरता आलं नव्हतं, ते तिथे नळाशी कळलं. त्या चारही प्रकारांत साहेबांच्या स्वभावाचा विचार होता. बाईच्या भीतीला त्यात कुठे जागाच नव्हती. साहेब कितीही सेवक झाले तरी इन्चार्ज इन्चार्जच राहणार होता.

संध्याकाळी साहेब गाडीकडे निघाले तेव्हा मी त्यांना गाठून सगळं सांगितलं. ते तसेच मागे फिरले. समोर उभं राहून जाळी बसवून घेतली आणि सगळ्या मशीनची तपासणी लावली, म्हणजे तक्रार कुणाची ते इन्चार्जला कळू नये. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, “मी काय समजत होतो, की लोक खूश आहेत.”

दार परत बसवायला त्यांनी हेड ऑफिसची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. हेड ऑफिसने तो फोटो प्रशिक्षकांना दिला होता, ते तो आता ठिकठिकाणी दाखवत होते, आणि आमच्याच कंपनीच्या दुसऱ्या प्लांटमध्येही दारं निघाली होती.

मग साहेबांनी नवीनच सवय लावून घेतली. जेवणानंतर ते शेडच्या मागे, जांभळाखाली जाऊन उभे राहत. बाया ताटल्या धुवायला तिकडेच जायच्या. कुणी काय बोललं, ते तिथल्या तिथे राहायचं. जाळीनंतर पंखे दुरुस्त झाले, बायकांच्या संडासाला आतून कडी लागली. कोणाच्या सांगण्यावरून, ते कधी बाहेर आलं नाही.

सिक्युरिटीवाल्याने मात्र वर कळवलं की साहेब रोज मागे जाऊन सिगरेट ओढतात. साहेब सुपारीसुद्धा खात नाहीत. त्यांना लेखी समज आली. त्यांनी माफी मागून उत्तर पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर परत जांभळाखाली गेले.