रांगेतला हंडा

रविवारी घरात बसवेना. दुसऱ्या दिवशी भाचीचा साखरपुडा. बहीण सुमन फोनवर म्हणालेली, "दादा, आईच्या तांब्याच्या हंड्याला कल्हई करून दे ना. पाहुण्यांना त्यातलंच पाणी देईन." निमित्त मिळालं. सकाळी सातला ठाण्यातल्या कोपरीहून, सुमनकडे दिवा गावाला जायला स्कूटर काढली.

दिव्याला जाणाऱ्यांनी मुंब्रा बायपास लवकर उरकावा. नंतर ट्रेलर हलू देत नाहीत. शीळफाट्याला वडापाव खाल्ला, चहा अर्धा टाकून निघालो. कोपरीच्या चाळीतून निघून मी दोन हॉटेलं उभी केली, तरी नातेवाईक म्हणतातच, "याला कुठंतरी हंडा सापडलाय." मी हसून सोडतो.

सुमनच्या बिल्डिंगखाली हंड्यांची ओळ. प्लास्टिकचे, स्टीलचे आणि मधोमध आपला तांब्याचा. वाटलं, माझ्यासाठीच खाली आणून ठेवलाय. वर जायचाही धीर नव्हता. उचलला, स्कूटरवर पायांत धरला, थेट कल्याण.

जुन्या बाजारात कल्हईवाले आता शोधावे लागतात. भाव आधी ठरवा. मी सहाशे दिले. निखारे, भाता, नवसागराचा पांढरा धूर. मी येरझाऱ्या घालत होतो.

"बसा ना शेठ," कल्हईवाले चाचा म्हणाले. "हंडा काय पळून जातोय?"

तेवढ्यात सुमनचा फोन. "दादा, खालचा हंडा तू नेलास?"

"कल्हईला आणलाय! झालाच बघ."

"अरे देवा! तो टँकरच्या नंबराला लावलेला! सातवा नंबर होता. भरून झाल्यावर देणार होते तुला. ड्रम कोरडे आहेत रे, उद्या पन्नास माणसं येतायत!"

परत येताना तिघा खासगी टँकरवाल्यांना फोन केले. तिघांचं एकच उत्तर: परवा. पोचलो तेव्हा पाइप सुरू झालेला. सुमन कणकेच्या हातांनी हंड्याच्या जागेवर उभी.

"माणसाचा नंबर नसतो भाऊ, हंड्याचा असतो," शेजारच्या कुंदामावशींनी मला अडवलं. "उचलला की शेवटाला. माझा जावई असता तरी हेच."

"मावशी, चूक माझी आहे. तिला कशाला शिक्षा?"

"मग तुम्ही उभे राहा शेवटाला."

राहिलो. सुमन उरलेली कणीक मळायला वर गेली. माझी पाळी आली तेव्हा टँकर गुळण्या करत होता. अर्धा हंडा मिळाला.

तो खांद्यावर घेऊन जिना चढलो, तर दुसऱ्या मजल्यावर सुमनचं दार उघडं. वर जाणारी प्रत्येक बाई थांबून तिच्या ड्रममध्ये एकेक कळशी ओतत होती. सगळ्यांत आधी कुंदामावशी.

"बघता काय? नंबर तो नंबर, साखरपुडा तो साखरपुडा. ओता तुमचा पण."

संध्याकाळी कोपरीला घरी आलो, नळ सोडला आणि लगेच बंद केला. लहानपणी याच हंड्यानं मी चाळीत नंबर लावायचो. रांगेत उभा असलेला तोच हंडा मला ओळखू आला, रांग नाही आली.

आता कुणी विचारलंच, तर सांगतो: हो, सापडला हंडा. दिव्यात. तुम्हाला दिसला तर उचलू नका, आधी वर जाऊन विचारा.