माझी सागवानी खुर्ची
माझं खुब्याचं ऑपरेशन आठवड्यावर आलेलं असताना शेजाऱ्याने मला फसवलं. त्याचा स्वतःचा खुबा धुळ्याला आधीच बदललेला. ठेंगण्या बैठकीला डॉक्टरांची मनाई, म्हणून तेव्हापासून तो बसण्याआधी काठीने बैठकीची उंची मोजतो. गुडघ्याहून खाली असेल तर लग्नाच्या पंगतीतही उभाच. आधी त्याने माझं जमिनीवर बसणं बंद केलं. मग त्याची नजर माझ्या सागवानी खुर्चीवर गेली. तिच्यावर बसून मी कापसाचे सौदे ठरवतो.

"भाऊ, हाई खुर्ची ठेंगणी शे. मी उंच करी देसू."

खुर्ची चार बोटं उंच होऊन आली, आणि मधोमध ताटाएवढं भोक!

"हे काय रे?" मी ओरडलो.

"ऑपरेशननंतर संडासात उकिडवं बसता येणार नही, भाऊ. मंग कशावर बसशात?"

माझंही ऑपरेशन होऊन धुळ्याहून परतल्यावर त्या खुर्चीनेच माझी अब्रू राखली, हे खरं. पण बोली उंचीची झाली होती, भोकाची नव्हती. आता भोकावर गादी टाकून मी सौद्याला बसतो आणि व्यापारी गालात हसतात. शेजाऱ्याच्या घरात लाकडी खुर्च्या नव्हत्या का? माझीच का कापली, याचं उत्तर त्याने चारचौघांत द्यावं.