दोन माणसं आणि तीन

परभणी स्टेशनवर दादा, म्हणजे वडील, नामांतराच्या मोर्च्यातून थेट आले होते. "तिथल्या लेकरायला नीट शिकव. आपल्याला बी कुणीतरी शिकवलंच की," एवढंच ते म्हणाले. आईची काळजी वेगळी. "लय लांब जायलास. थंडी वाजली तर कळव, गोधडी पाठविते." पत्र पोचायलाच महिना लागेल, हे मी तिला सांगितलं नाही.

कॅनडाच्या उत्तर टोकाला, इन्युइट लोकांच्या गावात मी गणिताचा मास्तर झालो. तिथल्या शाळा पूर्वी दूर दक्षिणेतून चालायच्या. वर्गात घरची भाषा बोलली तर मुलांना शिक्षा व्हायची. मग पालकांनी स्वतःचं शाळामंडळ मिळवलं आणि लहान वर्ग मातृभाषेत सुरू केले. गणित तेवढं इंग्रजीत उरलं होतं. माझ्या वर्गातली मदतनीस एलिसापी हिला तेही आपल्या भाषेत शिकवायचं होतं. पालकसभा माझं मत विचारणार होती, आणि माझं मत ठरलेलं होतं: नको. पोरांच्या छत्तीस चुका मी वहीत तारखेवार मांडल्या होत्या. त्रेचाळीस मोजायला दिले, की उत्तर यायचं, दोन माणसं आणि तीन.

सभेआधी ती वही मी एलिसापीला दाखवली. ती हसत सुटली. "तुमच्या गावात माणसांच्या पायांना बोटं नसतात का?" तिनं विचारलं. मग समजावलं. हातांची दहा, पायांची दहा. वीस झाले की एक अख्खा माणूस.

मी वही पुन्हा तपासली. चूक एकही नव्हती. आमच्या गावी, पोखर्णीला, माझी आई गोवऱ्या अशाच विसाविसांनी मोजायची, दोन इसा अन् तीन. तिचा हिशेब कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

सभेत मी उभा राहिलो आणि सांगितलं, छत्तीस चुका आहेत, छत्तीसही माझ्या. लोक खूप हसले. एलिसापीला वर्ग मिळाला.

पहिल्या दिवशी तिनं पोरांना वर्ग मोजायला लावला. अठरा मुलं, एकोणिसावी ती. एक कमी पडला. मी दारातून बघत होतो. एक चिमुरडी उठली, तिनं माझी बाही धरून मला आत ओढलं आणि जाहीर केलं, "झाला पूर्ण माणूस."

घरी कधी येतोस, असं आई-दादा प्रत्येक पत्रात विचारतात. येतोच की, दर दोन वर्षांनी. फक्त त्या सकाळपासून परभणीहून परत निघतानाही, घरी चाललो, असंच तोंडून निघतं.