होल्डवरची आरती

बारामतीत जनावरांच्या डॉक्टरांच्या ऑफिसात मी फोन घेते. टेबलावर तीन लाईनींचे तीन फोन, आणि तिन्हींना एकदमच वाजायची खोड. एकाशी बोलताना दुसऱ्याला होल्डवर टाकावंच लागतं. तिथे पूर्वी नुसतं टुंग-टुंग वाजायचं. डॉक्टरसाहेबांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी गणपतीची आरती लावली. लोक कंटाळणार नाहीत म्हणे.

कंटाळले नाहीतच. चपला काढून उभे राहू लागले. मी फोन परत घेतला की आरती मध्येच तुटायची आणि पलीकडून ओरडा यायचा, "ओ म्याडम, अर्धी तोडत्यात व्हय? लावा पुन्ना!" पुन्हा लावली की ती पहिल्यापासून सुरू. कोऱ्हाळ्याच्या एका आबांनी गाय आजारी म्हणून फोन केला होता. आरती ऐकून समाधानाने ठेवूनच दिला. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत. साहेब म्हणाले, "लोकांची श्रद्धा आहे." त्यांना काय जातंय, फोन मी घेते!

एका दुपारी मोरगावहून एक मावशी रडतच बोलल्या. "ताई, शेळी अडलीया माझी. करडाचं पाय दिसत्यात, डोकं न्हाय. डाक्टर कुठं हायेत?"

डॉक्टर इंदापूरकडे गेलेले, मोबाईल बंद. मावशींना म्हटलं, फोन ठेवू नका. तेवढ्यात दुसरी लाईन वाजली. डॉक्टरच होते, कुठल्याशा दूध डेअरीतून. आणि मी काय केलं? हाताच्या सवयीने त्यांनाच होल्डवर टाकलं.

लगेच परत घेतलं, तर डॉक्टर कुजबुजले, "अहो, फोन स्पीकरवर आहे. सगळी डेअरी हात जोडून उभी आहे. मी कसा बोलू?" मागून कुणी तात्या गरजले, "अर्धी सोडू नगा!"

आता पहिल्यापासून लावायची तर शेळी तेवढा वेळ थांबणार होती का? मग राहिलेली आरती मीच म्हटली. घरी मला नुसत्या टाळ्या वाजवायला देतात, असा माझा गळा. कोणतं कडवं गाळलं ते गणपतीलाच ठाऊक. शेवटी "मंगलमूर्ती!" असं ओरडले, तशी सगळी डेअरी "मोरया!" म्हणाली. पहिल्या लाईनवरून रडत रडत मावशीही म्हणाल्या.

"हं, बोला," डॉक्टर म्हणाले.

मी शेळीचं सांगितलं आणि दोन्ही रिसीव्हर उलटसुलट, एकाचा कान दुसऱ्याच्या तोंडाशी, जोडून घट्ट धरले. डॉक्टर सांगत होते, हात धुवा, तेल लावा, मागे वळलेली मान हळूच सरळ करा. मावशी "व्हय, व्हय" करत होत्या. मग फोन खाली ठेवल्याचा आवाज आला आणि नुसती शेळी ओरडत राहिली.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "ताई, हे ऐका." त्यांनी फोन करडाच्या तोंडाशी धरला असावा. बारीक, चिडका आवाज आला. मला रडूच फुटलं. तिसरी लाईन मघापासून बोंबलत होती. मी म्हटलं, बोंबल.