तोफेने मारलेला फॉरमॅट

कारखान्यात तिला सगळे तोफ म्हणत, आणि तोंडावर म्हणत. कारखाना दोन खोल्यांचा. आत भरतकामाचं मोठं मशीन, बाहेर काचेच्या दाराशी तिचा कॉम्प्युटर. शाळांचे, इस्पितळांचे, हॉटेलांचे बिल्ले ती पडद्यावर टाका टाका जोडून काढायची आणि आत तिचा नवरा ते मशीनवर चढवायचा. नवरा अबोल. धाकटा दीर गिऱ्हाइकं आणायचा, म्हणून मालकासारखा वागायचा.

कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. बटण दाबून ती आत जाऊन बॉबिनी भरून यायची, तरी पडद्यावरचं चक्र स्वतःच्याच शेपटीमागे फिरत असायचं. एक पाकळी वळवायची म्हटलं तर तो असा विचारात पडायचा, जणू तिने त्याला एखादं पाप सांगितलंय.

"वहिनी, याचे दिवस भरले," दीर म्हणाला. "सोमवारी नवा आणतो. त्यावर माझा मेहुणा बसेल, कोर्स केलाय त्याने. तुम्ही आत दोरे कापा. डोळ्यांना तेवढाच आराम."

"माझ्या डोळ्यांनी तुमच्याकडे तक्रार केली का, भाऊजी?"

"डोळ्यांनी नाही, कॉम्प्युटरने केली."

"मग त्याला मी सरळ करते. सोमवारी तो पळाला तर खुर्ची माझी."

"पळाला तर तुमची," दीर हसत म्हणाला. म्हातारा कॉम्प्युटर पळेल असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.

रविवारी कारखाना बंद होता. तिने फोनवर कॉम्प्युटर दुरुस्तीचा एक व्हिडिओ परत परत बघितला. फॉरमॅट मारायचा, म्हणजे आतलं सगळं पुसून सिस्टीम नव्याने टाकायची.

"अहो, सगळं जातं म्हणे," ती नवऱ्याला म्हणाली.

"मग?"

"जाऊ दे. अडगळीनेच अडलंय."

पडद्यावर मांडलेली आपली सगळी चित्रं तिने पेनड्राइव्हवर घेतली. पक्षी, दिवे, मुकुट, एकात एक गुंतलेली अक्षरं. इतक्या वर्षांचं काम क्षणात उतरलं. आज नशीब बरं आहे, असं तिला वाटलं. मग कॉम्प्युटरने विचारलं, खात्री आहे ना? घरात इतक्या अदबीने तिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. तिने 'हो' दाबलं.

दुपार कलेपर्यंत कॉम्प्युटर वासरासारखा उधळू लागला. मशीनसोबत आलेल्या सीडीवरून तिने भरतकामाचा प्रोग्राम परत टाकला आणि पेनड्राइव्ह लावला. सगळी नावं जागच्या जागी होती. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण होता. तिने पक्ष्यावर टिचकी मारली. फाइल सापडत नाही. दिवा. सापडत नाही. इतकी वर्षं ती ज्यांना चित्रं समजत होती, त्या चित्रांकडे नेणाऱ्या नुसत्या पाट्या होत्या. चित्रं आत कुठल्याशा फोल्डरमध्ये राहायची, आणि तिथे जायची तिला कधी गरजच पडली नव्हती. तिने गावाच्या पाट्या उचलून आणल्या होत्या आणि गावाला स्वतःच काडी लावली होती.

नवरा तिच्या मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "आपोआप गेलं म्हणू."

"आपोआप काही जात नाही. मी घालवलं. माझं होतं, मी घालवलं."

रडू आलं होतं. पण रडायला खुर्चीवरून उठावं लागलं असतं, आणि उठायचं नाही हे तिने ठरवलं होतं.

सोमवारी दीर आला. "वहिनी, इस्पितळाचा पक्षी लावा, संध्याकाळी द्यायचाय."

"पक्षी नाही. सगळंच पुसलं गेलं. माझ्या हाताने."

दीर मटकन स्टुलावर बसला. "वा! म्हणजे घर झाडलं आणि माणसं बाहेर टाकली."

"कॉम्प्युटर पळतोय की नाही?"

"पळतोय, पण..."

"ते 'पण' तुमच्या मेहुण्याला सांगा. शब्द तुम्ही दिला होता."

इस्पितळाचा एक जुना गणवेश समोर टांगून ती पक्षी काढायला बसली. पहिला पक्षी मशीनवर गेला आणि मानेपाशी टाक्यांचा गोळा झाला. दिराने ते कापड उजेडात धरलं.

"पक्षी आहे की कांजिण्या झालेलं बदक? बोलावू का मेहुण्याला?"

"बोलवा. येताना त्याला स्वतःची खुर्ची आणायला सांगा. ही भरलेली आहे."

तिने पडद्यावरची पक्ष्याची मान पुसली आणि पुन्हा काढायला घेतली. पूर्वी एक रेघ टाकून वाट बघावी लागायची. आता हात जाईल तिथे रेघ जात होती. चुकलं तर चूकही लगेच दिसत होती. दुसरा पक्षी चोचीत फसला. तिने तोही पुसला. दीर फोन हातात धरून दारात उभा होता.

आतून नवऱ्याचा आवाज आला. या घरात त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता, आताही चढला नाही.

"फोन ठेव रे. कापड ताणून धरायला ये इकडे."

दीर फोन खिशात टाकून, चपला काढून आत गेला. तोफेने वळून बघितलं नाही. ती तिसऱ्या पक्ष्याची मान वळवत होती.