लांब बॉनेटवाले काका

"दार हळू लावा. ही रिक्षा नाही."

या गृहस्थांच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. डब्लिनला येऊन आम्हाला आठवडा झाला होता. हातात सामानाच्या चार पिशव्या, पाऊस तिरका, आणि त्यांनी दुकानापासून घरापर्यंत सोडलं म्हणून मी आभार मानायला वळले होते. तेवढ्यात हे वाक्य. वर खिशातून पिवळं फडकं काढून, जिथे माझा हात लागला होता तिथे त्यांनी दार पुसलं. मी आभार गिळले आणि घरात गेले.

स्पष्टच सांगते, मला हा माणूस कधी आवडला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण हे तसे गेलेले नाहीत, नाशिकला आहेत आणि ठणठणीत आहेत. तेव्हा ती अडचण नाही.

चेरीवूड या उपनगराच्या वर टेकाडावर आमची घरं. बहुतेक घरांतली माणसं सकाळी खालच्या ऑफिसांत नाहीतर ट्रामने शहरात जाणारी. काका आमच्या भिंतीला लागूनच्या घरात. तेही तिथल्याच एका कंपनीत होते, पण त्यांना नोकरीबद्दल विचारलं तर गाडीबद्दल सांगायचे. गाडी अमेरिकन, दोन दारांची, काळी, पुढे हे एवढं लांब बॉनेट. स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे इथल्या रस्त्यांच्या दृष्टीने चुकीच्या बाजूला. ती बनवणारी कंपनी बंद पडून कैक वर्षं झालेली. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

दर शनिवारी सकाळी आठला ते ही गाडी दारात उभ्या उभ्या पंधरा मिनिटं चालू ठेवायचे. खिडकीतली भांडी हलायची. पलीकडे एक आयरिश नर्स राहते, रात्रपाळी करून त्याच वेळी झोपायला आलेली असायची. ती बिचारी मला म्हणायची, "तुमच्या त्या माणसाला सांगाल का जरा?" तो आमचा माणूस कसा झाला, ते तिलाच ठाऊक. तरी मी गेले सांगायला.

"झोपायचंय तर कापूस घालायला सांगा कानात," काका म्हणाले. "हे इंजिन थंड असताना हलवलं तर ते मरतं. माणूस काय, झोपतोच आयुष्यभर."

बरं, बोलणं तरी थोडक्यात? छे. कुणाकडे हळदीकुंकू असो, आरती असो, हातातला प्रसाद संपायच्या आत त्यांची त्या गाडीच्या कंपनीची गोष्ट सुरू व्हायची. मला झोपेत विचारलंत तरी मी म्हणून दाखवीन. आधी ही गाडी म्हातारी माणसं घ्यायची. शाळामास्तर, पाद्री, असे. कंपनी बुडीतच निघाली होती. मग दोन-चार इंजिनिअरांनी वरच्यांचा हुकूम मोडला आणि मध्यम गाडीत थोरल्या गाडीचं इंजिन बसवलं. वर साहेबांना काय सांगितलं, तर हे नवीन मॉडेल नाहीच, जुन्यावरच जरा जादा सामान दिलंय. साहेबांना उमगेपर्यंत तरुण पोरं दुकानांसमोर रांगा लावून उभी.

"याला इंजिनिअरिंग म्हणतात, कोथरूडकर," ते मला म्हणायचे. माझं माहेर कोथरूडचं, म्हणून हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. "परवानगी मागतो तो इंजिनिअर नसतो, कारकून असतो."

पुढचा भाग सांगताना त्यांचा चेहरा पडायचा. पेट्रोल महागलं, धुराचे नियम आले, इंजिनं लहान झाली. गाडीत दम राहिला नाही तशी अंगावरची चित्रं मोठी होत गेली. मग काटकसर. एकच गाडी चार नावांनी चार दुकानांत ठेवायची, पुढची जाळी फक्त वेगळी. शेवटी शेवटी अंगभर प्लॅस्टिकच्या पट्ट्या चिकटवल्या. आणि एका सकाळी पत्र निघालं की यापुढे हे नाव बंद. "ती मेली नाही," काका म्हणायचे, "तिला समितीनं मारली. बारा माणसं टेबलाभोवती बसली की कुठलीही चांगली गोष्ट मरते." हे ते एकदा आमच्या गणपतीच्या समितीत, नेमके बारा जण बसलेले असताना म्हणाले. त्या वर्षी मखराचं काम त्यांना कुणी दिलं नाही.

एवढं सगळं 'आम्ही', 'आमची' करून. मला वाटलं, हे तिकडे मोठे कुणी होते की काय. एकदा विचारलंच. तर हे पुण्यात भोसरीजवळच्या एका ड्रॉइंग ऑफिसात होते आणि त्या कंपनीच्या शेवटच्या मॉडेलचं, म्हणजे ह्याच गाडीचं, थोडं काम त्या ऑफिसकडे आलं होतं. काकांच्या वाट्याला काय आलं, तर डॅशबोर्डमधल्या कप्प्याच्या झाकणाची बिजागरी. एक बिजागरी. मी हसले, आणि लपवलंही नाही.

ते मात्र चिडले नाहीत, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यांनी मला गाडीत बसवलं, तो कप्पा उघडला आणि झाकण सोडून दिलं. ते अजिबात आवाज न करता सावकाश खाली आलं. "अकरा महिने लागले," ते म्हणाले. "शेवटचं ड्रॉइंग पाठवलं आणि दोन वर्षांत कंपनीच बंद. मी अमेरिका पाहिलेली नाही." त्यांनी झाकण पुन्हा लावलं, पुन्हा सोडलं. त्या पाच मिनिटांपुरता मला हा माणूस बरा वाटला होता. मग उतरताना माझ्या गाडीकडे बघून म्हणाले, "हा तुमचा डबा वीस वर्षं चालेल. त्याला दुसरं येतं काय?"

आणि काकू. खरा राग मला तिथे होता. काकू ऑर्डरप्रमाणे पुरणपोळ्या करून द्यायच्या, हाताला चव अशी की आमची नर्ससुद्धा चार-चार न्यायची. पण डबे पोचवायला गाडी नाही, सीटला तुपाचा वास लागतो म्हणून. गुडघे धरत, ट्रामने, चाकांची पिशवी ओढत काकू पार शहरातल्या ग्रँड कॅनाल डॉकपर्यंत जायच्या. आणि चारचौघांत त्यांनी तोंड उघडलं की काकांचं ठरलेलं, "तुला काय कळतं त्यातलं? तू गप्प बस." काकू गप्प बसायच्या. माझ्या मुलीनं एकदा मला विचारलं, "मम्, व्हाय डज शी लेट हिम?"

गंमत म्हणजे, अलीकडे तोच माणूस काकूंशिवाय गाडी बाहेर काढायचा नाही. दुकानात जायचं तरी काकू शेजारी, उजवीकडच्या सीटवर. सगळे कौतुक करायचे, या वयात कसे जोडीनं फिरतात बघा. मी एकदा चौकातल्या राउंडअबाऊटच्या गोलापाशी त्यांना पाहिलं. काकू उजवीकडे मान वळवून ओठ हलवत होत्या. मला वाटलं, स्तोत्र म्हणतायत. ह्यांच्यासोबत बसायचं तर देवाचं नाव घ्यावंच लागणार, असं मी घरी येऊन नवऱ्याला म्हणाले आणि आम्ही हसलो.

मग दसरा आला. आम्ही मराठी मंडळातले लोक दर वर्षी भाड्याच्या हॉलच्या पार्किंगमध्ये गाड्यांची पूजा करतो. झेंडू मिळत नाही, सुपरमार्केटमधली पिवळी शेवंती चालते. हळदकुंकू, नारळ, चाकांखाली लिंबं, आणि गाडी लिंबांवरून हातभर पुढे घ्यायची. पहिला मान काकांच्या गाडीचा. तो कुणी दिला नव्हता, त्यांनी घेतला होता.

काका आत बसले. काकूंनी तीन चाकांखाली लिंबं ठेवली. पार्किंगला उतार आणि वर पावसाची ओल, त्यामुळे चौथं लिंबू, पुढच्या उजव्या चाकाखालचं, घरंगळलं. ते परत ठेवायला काकू वाकल्या. मी आरतीचं ताट घेऊन पलीकडे उभी होते. कुणीतरी म्हणालं, "हं, चला आता." आणि काकांनी गाडी सोडली.

काकू ओरडल्या. त्या इंजिनाच्या घरघरीत कुणाला काय ऐकू जाणार? मी ताट दोन्ही हातांनी धरून बॉनेटवर आपटलं. निरांजन, तांदूळ, सगळं काचेवर उडालं. गाडी थांबली तेव्हा काकू खाली बसलेल्या होत्या आणि त्यांच्या पदराचं टोक चाकाखाली होतं.

काका उतरले. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही हेच पाहिलं असतंत, म्हणून लिहिते. त्यांनी आधी बॉनेटवरचा पोचा पाहिला, त्यावरून बोट फिरवलं. मग बायकोकडे वळून म्हणाले, "मध्ये कशाला आलीस?"

काकूंना मी माझ्या घरी आणलं. चहा केला, तळव्याला खरचटलं होतं तिथे हळद लावली. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "त्यांची चूक नाही गं. मी आत नव्हते ना आज."

मग सगळं बाहेर आलं. काकांना काचबिंदू होता. उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली. दोन वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी बजावलं होतं की गाडी बंद, लायसन्सवाल्यांना कळवा. काकांनी कळवलं नाही. काकूंना शेजारी बसवायला लागले. इथे गोलावर वाहनं उजवीकडून येतात, आणि ते काकूंनी बघायचं. 'थांबा. अजून एक आहे. आता चला.' मी जे स्तोत्र समजले होते, ते हे होतं.

"दोन वर्षं?" मी म्हणाले. "आणि समोर एखादं मूल आलं असतं म्हणजे?"

"मी बघते ना," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. नवरा म्हणत होता, वडीलधारी आहेत, जरा धीरानं घे. मी चपलाही काढल्या नाहीत. म्हणाले, "काका, रविवारपर्यंत लायसन्स परत करा. नाहीतर सोमवारी मी पोलिसांना फोन करणार."

"गाडीतलं तुम्हाला काय कळतं, कोथरूडकर?"

"काही कळत नाही. काकू चाकाखाली जात होत्या, एवढं मी पाहिलंय."

"कारकून," ते म्हणाले. "कारकूनच तुम्ही सगळे. बारा जण." ते ओरडले नाहीत, आणि त्यामुळे मला जास्त लागलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या.

लायसन्स गेलं. किलकेनीहून एक आयरिश गृहस्थ येऊन गाडी बघून गेले, आणि पुढच्या आठवड्यात ट्रकवर चढवून घेऊन गेले. पोचा तसाच होता. काका बाहेर आले नाहीत. मंडळातल्या निम्म्या लोकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. माणसाचा जीव होता त्या गाडीत, असं कुणी कुणी मला ऐकवलं. मी म्हटलं, दुसऱ्याही एका माणसाचा जीव होता, चाकाखाली. पण ऐकतो कोण.

काकांनी नोकरी सोडली आणि दिवसभर घरात राहू लागले. भिंतीतून ऐकू यायचं. पोळी जाड आहे, नळ नीट बंद कर, फोनवर किती बोलतेस. काकूंच्या ऑर्डरी बंद झाल्या, घरात तुपाचा वास नको म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी नाशिकला परत जायचं ठरवलं. काका माझ्या दारासमोरून टॅक्सीकडे गेले आणि त्यांनी मान वळवली नाही.

काकू आदल्या संध्याकाळी आल्या होत्या, पोळपाट द्यायला. इथे बरा पोळपाट मिळत नाही. मी म्हणाले, "काकू, माझा राग आहे का?"

"जीव वाचवलास तू माझा," त्या म्हणाल्या. "राग कसा येईल?"

मग पिशवीची घडी घालत, अगदी सहज म्हणावं तसं म्हणाल्या, "पण बत्तीस वर्षं झाली गं लग्नाला. त्या गाडीत मी थांबा म्हटलं की ते थांबायचे. चला म्हटलं की निघायचे. दुसरीकडे कुठे माझं ऐकलं नाही त्यांनी कधी."

त्या गेल्या. मी पोळपाट हातात धरून ओट्यापाशी तशीच उभी राहिले. मुलीनं विचारलं, "मम्, आर यू ग्रँड?" मी तिला हो, बरी आहे म्हटलं.